आप्पासाहेबांची टोपी वाजते

काकासाहेबांनी तिसऱ्यांदा तमाशाच्या फडाचं नाव काढलं, तेव्हा आप्पासाहेबांनी टेबलावर अशी मूठ आपटली की हेडमास्तरांच्या बशीतला चहा हेडमास्तरांच्याच धोतरावर सांडला.

"शाळंच्या नव्या खोल्यांचं उद्घाटन हाय, का उरूस हाय?" आप्पासाहेब गरजले. "शाळंच्या आवारात फड उभा करायचा? लाज न्हाई वाटत? आपुन विद्यापीठाचा ऑर्केस्ट्रा आननार. शिकलीसवरली पोरं हायेत. परदेशातलं जुनं संगीत वाजवत्यात. जॅझ म्हनत्यात त्येला."

"पन पुणतांब्यात ते कळनार कुनाला?" काकासाहेबांनी शांतपणे विचारलं.

"न्हाई कळलं, तर कळूस्तवर ऐकायचं!"

खरं सांगायचं तर ते आप्पासाहेबांनाही कळलं नव्हतं. पुतण्याच्या ॲडमिशनसाठी ते विद्यापीठात गेले असताना एका हॉलमध्ये या ऑर्केस्ट्राची तालीम चालली होती आणि दारात उभे राहून चष्मेवाले प्राध्यापक माना डोलवत होते. इतके चष्मे ज्याला डोलतात ते वाईट असणार नाही, एवढ्यावर आप्पासाहेबांनी मत बनवलं होतं. आणि एकदा बनवलेलं मत बदलणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. ते शाळा समितीचे चेअरमन होते, काकासाहेब व्हाईस चेअरमन, आणि या दोन खुर्च्यांमधल्या अंतरावर गावाचं निम्मं राजकारण चालायचं.

"आन कार्यक्रम पडला तर?" काकासाहेबांनी विचारलं.

"पडला तर हा आप्पासाहेब उभ्या जल्मात डोक्याला टोपी लावनार न्हाई!"

समितीतले सगळे त्यांच्या डोक्याकडे बघू लागले. कारण आप्पासाहेबांची टोपी ही साधीसुधी वस्तू नव्हती. मनकर्णाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, ती तांदळाच्या पेजेत बुडवायच्या, तांब्यात निखारे घालून तिच्यावर फिरवायच्या आणि मग ती अशी कडक व्हायची की ओट्यावर उभी ठेवली तर वाऱ्यानंसुद्धा हलत नसे. त्या टोपीवर धुळीचा कण बसला तरी आप्पासाहेब दिवसभर घरच्यांशी बोलत नसत. काकासाहेबांची टोपी मात्र नेहमी मऊ, एका अंगाला कललेली. तिच्याकडे बघूनच माणूस व्हाईस चेअरमन आहे हे कळायचं, असं आप्पासाहेब म्हणत.

तर असा तो शपथेचा विषय झाला, आणि दुसऱ्या दिवशी तो गावभर झाला.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी ऑर्केस्ट्रा पुणतांब्याच्या स्टेशनवर उतरला. पोरं, पोरी, त्यांची वाकडीतिकडी पितळी वाद्यं आणि एक भला मोठा ढोल. आप्पासाहेबांनी सगळ्यांना उसाच्या ट्रॉलीत बसवून, पुढं ट्रॅक्टरवर स्वतः उभं राहून शाळेत आणलं. ऑर्केस्ट्राचे प्रमुख खर्डे सर विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचे. ट्रॉलीत अंगावर उडालेली पाचटं झटकत ते "वा, फारच सुंदर" असं म्हणाले, तेव्हा आप्पासाहेबांना माणूस पटला.

हेडमास्तरांच्या ऑफिसात चहा झाला. आप्पासाहेब मधल्या खुर्चीत बसले आणि त्यांना बरं वाटलं. खुर्ची आज मऊ लागत होती. आपल्यासाठी हेडमास्तरांनी गादीची सोय केली, माणूस सुधारला म्हणायचा, असं मनाशी म्हणत त्यांनी आणखी अर्धा कप मागवला. समोर उभा असलेला एक लांब केसांचा पोरगा त्यांच्याकडे, नेमकं सांगायचं तर त्यांच्या खुर्चीकडे, अतिशय दुःखी चेहऱ्यानं बघत होता. तो केडगावचा गोरक्षनाथ, ट्रम्पेट वाजवणारा.

"काय रं, चहा न्हाई मिळाला का?"

"मिळाला, आप्पासाहेब," गोरक्षनाथ म्हणाला, पण नजर खुर्चीवरून हलवली नाही.

चार वाजता आवार भरलं. पुढं जमिनीवर पोरं, मागं बायका, त्यांच्यामागं फेटे आणि टोप्या. आधी सत्कार. पाहुण्यांना नारळ, टॉवेल आणि टोपी. मुलींना टोपीऐवजी खण. दुकानदार श्रीमंतनं विद्यापीठातून कळवलं होतं तितक्या टोप्या बरोबर आणल्या होत्या. आप्पासाहेब माईकवर नाव पुकारायचे आणि काकासाहेब टोपी घालायचे. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात ट्रॅक्टरचा ड्रायव्हर तो मोठा ढोल खांद्यावर घेऊन स्टेजवर चढला, आणि काकासाहेबांनी त्याच्या डोक्यावरही टोपी ठेवली.

"अहो, तो आपला ड्रायव्हर हाय!" आप्पासाहेब माईकवर हात ठेवून ओरडले.

"स्टेजवर आला तो पाव्हना," काकासाहेब म्हणाले. ड्रायव्हर तोवर टोपी नीट बसवून, हात जोडून लोकांना नमस्कार करायला लागला होता. त्याच्या डोक्यावरची टोपी आता काढायची तर पंचाईत होती, कारण त्याचा सगळा भावकीचा जमाव समोर बसला होता आणि टाळ्या वाजवत होता.

आप्पासाहेबांनी राग गिळला आणि भाषण सुरू केलं. "या गावातनं पाव्हना उघड्या डोक्यानं गेला, असं आजवर कधी झालेलं न्हाई आन मी चेअरमन असूस्तवर होनार बी न्हाई!" टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर लोकांना दिसलं की स्टेजच्या टोकाला एक पाहुणा उघड्या डोक्यानं उभा आहे. लांब केसांचा गोरक्षनाथ. टोप्यांची पेटी रिकामी होती.

"मग आता?" काकासाहेबांनी खुर्चीतून विचारलं. माईक चालू होता, त्यामुळे ते स्टेशनपर्यंत ऐकू गेलं.

आता काय करणार! आप्पासाहेबांनी एकवार आभाळाकडे पाहिलं, स्वतःच्या डोक्यावरची ती कडक टोपी दोन्ही हातांनी उचलली आणि गोरक्षनाथच्या डोक्यावर ठेवली. असा टाळ्यांचा कडकडाट झाला की विचारू नका. आप्पासाहेब मोठ्या ऐटीत खाली येऊन पहिल्या खुर्चीत बसले. डोक्याला वारा लागला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की भर गावात आपण बोडके बसलो आहोत.

त्यांनी शाळेचा शिपाई कानिफनाथ याला जवळ बोलावलं. "घरी पळ. दुसरी टोपी घिऊन ये."

ऑर्केस्ट्रा सुरू झाला. पोरं वाजवत होती चांगलंच, पण गाव वाट बघत होतं. कुणीतरी उठेल, नाचेल, निदान तोंड उघडून गाईल. "गानं कवा म्हननार?" असं मागून एक म्हातारी विचारत होती. पहिलं संपलं, दुसरं संपलं. दोघंचौघं धोतर झटकत उठले. आणि आप्पासाहेबांना अजून एक भयंकर गोष्ट दिसली. उशिरा येणारी माणसं फाटकातून आत डोकवायची, पहिल्या खुर्चीकडे बघायची आणि आल्या पावली परत फिरायची.

कानिफनाथ धापा टाकत परत आला.

"फाटकावरनं मानसं माघारी का चाललीत रं?"

"म्हनत्यात, कार्यक्रम पडला. तुमी टोपी काढलीया ना, सपथंपरमानं."

"अरं, पन मी ती पाव्हन्याला दिली!"

"त्ये त्यास्नी कुठं म्हाईत हाय! ते आत्ता आल्यात."

आप्पासाहेबांचं डोकं तापलं. स्वतःच्या मोठ्या मनानं माणूस असा गोत्यात यावा, हा कुठला न्याय? "टोपी आन इकडं!"

कानिफनाथनं सदऱ्यातून एक तपकिरी लोकरीची कानटोपी काढली. "बाकीच्या टोप्या बाईंनी भिजत घातल्यात. म्हनल्या, डोकं झाकन्याशी मतलब."

मार्चच्या उन्हात कानटोपी! आप्पासाहेबांनी ती खुर्चीखाली फेकली आणि खांद्यावरच्या टॉवेलनं डोकं झाकावं की नाही याचा विचार करू लागले. ते आणखी वाईट दिसलं असतं, कारण तसा टॉवेल डोक्यावर घेऊन माणूस कुठून परत येतो हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

आणि व्हायचं तेच झालं. नदीकडच्या वस्तीवरच्या झुंबरबाई फाटकातून आत आल्या. गावात कुणी गेलं की रडायला पहिल्या त्याच. त्यांना शपथ ठाऊक नव्हती, सत्कार ठाऊक नव्हता. त्यांना फक्त चेअरमन दिसले, भर सभेत बोडके, चेहरा पडलेला, आणि स्टेजवर एक पोरगा व्हायोलिनवर अगदी संथ, काळीज पिळवटणारं काही वाजवत होता. झुंबरबाई थेट आप्पासाहेबांच्या पायाशी बसल्या.

"आरं माज्या आप्पा! कोन गेलं रं? कसं गेलं रं? कालपत्तुर चांगलं हुतं की रं!"

"काकी, कुनी गेलं न्हाई! उठा आधी!"

"आसं मन घट करू नगं, लेकरा! रड, रड!" झुंबरबाईंनी सूर धरला. तो सूर ऐकून मागच्या दोघीतिघींनी पदर डोळ्याला लावले, कारण कोण गेलं हे मागाहून विचारता येतं. व्हायोलिन संपलं तेव्हा बायकांची अख्खी रांग मुसमुसत होती. खर्डे सर माईकशी आले, कमरेत वाकले आणि गहिवरून म्हणाले, "इतके रसिक श्रोते आम्हाला शहरातसुद्धा मिळाले नाहीत."

काकासाहेब तोंडावर रुमाल धरून हसत होते. ते हसू आप्पासाहेबांना झुंबरबाईंच्या रडण्यापेक्षा झोंबलं.

मग गोरक्षनाथ उठला. त्यानं ट्रम्पेट तोंडाला लावलं, डोक्यावरची टोपी काढली आणि ती ट्रम्पेटच्या तोंडावर धरली. आप्पासाहेबांना आधी वाटलं, पोरगा घाम पुसतोय. पण तो टोपी धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा, आणि आतून असा आवाज निघायचा की बाजा वाजत नसून कुणी माणूस बोलतंय. वॅव्-व-वॅ! व-वॅ-वॅ-वॅव्! कधी खेकसत, कधी कुरकुरत.

"आरं, ह्यो तर आप्पा बोलतोय!" मागून कुणीतरी ओरडलं.

आवारात हसण्याचा असा लोट उठला की झुंबरबाईही रडायच्या थांबल्या. खरोखरच तो आप्पासाहेबांचा आवाज होता. समितीच्या मीटिंगमध्ये ते असेच सुरू व्हायचे, असेच चढायचे, आणि शेवटी टेबलावर मूठ आपटायचे. पाठीमागचा ढोल नेमका त्याच जागी धम् करत होता.

आप्पासाहेबांचे कान लाल झाले. आपली टोपी! मनकर्णानं निखाऱ्यावर कडक केलेली, जिच्यावर आपण धूळ बसू देत नाही, ती या पोराच्या पिपाणीच्या तोंडात! मान म्हणून दिली आणि यानं तिचा बोळा केला! ते ताडकन उभे राहिले.

"बंद करा!"

"वॅ-व्वॅ!" ट्रम्पेट म्हणालं.

गोरक्षनाथचा यात काही वाईट हेतू नव्हता. या संगीताची रीतच अशी की कुणी साद घातली की उत्तर द्यायचं. त्याला वाटलं, चेअरमनसाहेब रंगात आले.

"कुनाची टोपी हाय ती?"

"वॅव्-वॅ व-वॅ वॅ व?"

"मस्ती आली का तुला?"

"वॅव्-वॅ व-वॅ व-वॅ?"

लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. आप्पासाहेब पायऱ्या चढू लागले तर ढोलवाला एकेका पावलाला धम् द्यायला लागला. धम्. धम्. धम्. ते थांबले तर ढोल थांबला. त्यांनी एक पाय हळूच पुढं टाकला तर ढोलही हळूच वाजला. फाटकावरून माघारी गेलेली माणसं हा गलका ऐकून धावत परत आली, भिंतीवर चढली, लिंबाच्या झाडावर चढली. "वन्स मोर!" असं कुणीतरी बोंबललं.

आप्पासाहेबांनी गोरक्षनाथच्या हातातून टोपी हिसकावली आणि माईक धरला. "मंडळी! ह्येला काय हसताय? हा मानाचा अपमान हाय! ह्या पोरानं टोपी..."

"आप्पासाहेब, माफ करा," खर्डे सर घाईघाईनं मध्ये पडले. "अपमान नाही हो. हे वादन असंच करतात, टोपी धरून. आमची त्यासाठी खास काळी हॅट आहे. पण दुपारी ऑफिसात कुणीतरी तिच्यावर बसलं. पार चपटी झाली."

आप्पासाहेबांचा संताप लगेच दुसऱ्या दिशेला वळला. पाहुण्यांचं नुकसान! आपल्या गावात! "कोन बसला तो गाढव?" त्यांनी माईकवरून विचारलं.

खर्डे सर बुटांकडे पाहू लागले. गोरक्षनाथ म्हणाला, "जाऊ द्या, आप्पासाहेब."

"जाऊ द्या कसं? पाव्हन्याच्या टोपीवर बसायचं म्हंजी काय! हितं, समद्या गावाम्होरं उभा करतो त्याला! कानिफनाथ! तू हुतास ना ऑफिसात? नाव सांग!"

चहाची किटली घेऊन दुपारभर तिथंच उभा असलेला कानिफनाथ स्टेजखालून चुळबुळ करत म्हणाला, "साहेब, ऱ्हाऊ द्या की."

"सांग म्हनतो ना!"

"तुमीच बसलता, साहेब. दीड कप हुईस्तवर."

मधल्या खुर्चीचा तो मऊपणा आप्पासाहेबांना आठवला. समोर गाव हसून हसून लोळत होतं. त्यांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली, पायऱ्या उतरले आणि खुर्चीत बसले. टोपी तर परत मिळाली. आता या पोरांनी काय वाजवायचं ते वाजवावं आणि स्टेशनवर जावं.

पण गाव आता ऐकायला तयार नव्हतं. "टोपी! टोपी! टोपी वाजवा!" असा ताल धरून पोरं ओरडत होती. आणि मग आप्पासाहेबांनी जे पाहिलं त्यानं त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. काकासाहेब उठले, स्टेजवर गेले, स्वतःची ती मऊ, कललेली टोपी काढली आणि वाकून गोरक्षनाथच्या हातात दिली.

"घे बाबा. आपल्याला असला अभिमान न्हाई."

टाळ्या! त्याच टाळ्या, मघाशी आप्पासाहेबांना मिळालेल्या, त्याहून मोठ्या. गोरक्षनाथनं टोपी ट्रम्पेटवर धरून पाहिली. "जरा मऊ हाय," तो म्हणाला, "पर भागवतो." त्यानं श्वास भरला.

"थांब!"

आप्पासाहेब पुन्हा उभे होते. "भागवतो म्हंजी काय? आं? भागवतो?" ते तरातरा पायऱ्या चढले. या खेपेला ढोलवाल्याची धम् करायची हिंमत झाली नाही. "काकासाहेब, कार्यक्रम मी आनला, ऑर्केस्ट्रा मी आनला, तमाशा पायजे म्हनून तुमी अडून बसलात, आन आता टोपी तुमची वाजनार व्हय? गावात काय कडक टोप्या मेल्यात का?" त्यांनी काकासाहेबांची टोपी गोरक्षनाथच्या हातातून काढून काकासाहेबांच्या डोक्यावर उलटी बसवली, आणि स्वतःची टोपी उतरवली. "ही धर. आन पोरा, भागवायचं न्हाई. समदी ताकद लावून वाजीव."

त्या दिवशी ती टोपी सूर्य मावळेपर्यंत वाजली. लोकांनी जी वाक्यं सुचवली ती ट्रम्पेटनं म्हणून दाखवली. आप्पासाहेबांचं भाषण, आप्पासाहेबांचा ट्रॅक्टर, मनकर्णाबाईंवर खेकसणारे आप्पासाहेब. पहिल्या खुर्चीत बोडक्या डोक्यानं आप्पासाहेब छाती काढून बसले होते आणि कुणी कमी हसलं तर मागं वळून डोळे वटारत होते.

टोपी परत आली तेव्हा तिच्यावर पितळेचा हिरवट काळा गोल डाग उमटला होता. मनकर्णाबाईंनी तो पाहून कपाळाला हात लावला. "द्या हिकडं, सोड्यात भिजवते."

"धुतलीस तर याद राख!" आप्पासाहेब म्हणाले. "डाग तेवढा सोडून कडक कर."

दुसऱ्या दिवशी ते ती टोपी घालून, डाग नेमका पुढं येईल अशी बसवून, मुद्दाम लांबच्या रस्त्यानं चावडीकडे निघाले. लोक थांबून बघत होते. पोरं "वॅव्-वॅ!" करून पळत होती, आणि आप्पासाहेब त्यांना मारायला न धावता हात उंचावत होते. चावडीपाशी काकासाहेब उभे होते. त्यांच्या टोपीवर पुढच्या बाजूला एक गोल डाग होता. आप्पासाहेबांच्या डागापेक्षा चांगला दोन बोटं मोठा.

आप्पासाहेब जागीच थांबले. 

"काकासाहेब! तुमची टोपी वाजलीच न्हाई!"

"मागनं वाजली. स्टेशनवर. तुमी घरी गेल्यावर."

"खोटं! हा तव्याचा डाग हाय! पितळंचा डाग हिरवा असतो, ह्यो निसता काळा हाय! काढा टोपी! काढा, गावाला दावतो!"

"तुमी बी काढा! कोनचा डाग खरा, ते उजेडात बघू!"

दोघांनी टोप्या उतरवल्या आणि भर उन्हात एकमेकांच्या नाकासमोर धरल्या. नेमक्या त्याच वेळी डोक्यावर पाटी घेऊन झुंबरबाई बाजाराला चालल्या होत्या. चेअरमन बोडके, व्हाईस चेअरमन बोडके, दोघांचे चेहरे उतरलेले. झुंबरबाईंनी पाटी खाली ठेवली आणि चावडीच्या पायरीवर बसकण मारली.

"आरं देवा! काल एक हुता, आज दोगं! आता तरी सांगा रं, कोन गेलं?"